पाव किलोचा जीव

आमच्या घरात कुत्रा पाळण्याची रीत नव्हती. आईला कुत्र्यांचा राग होता असे नाही. उरलेली भाकर ती रोज दाराबाहेर टाकत असे. पण कुत्र्याने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, हा तिचा कायदा होता आणि आम्ही तो लहानपणापासून पाळत आलो. तो कायदा एका रात्री तिनेच मोडला. ही हकिकत लिहावी असे बरेच दिवस मनात होते. कुत्र्याच्या पिलाची गोष्ट काय म्हणून सांगायची, असे वाटून ते राहून जात होते. परंतु त्या रात्रीने आमच्या घराला जे शिकवले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१८ च्या डिसेंबरातली थंडी नागपूर-कामठीच्या लोकांना अजून आठवत असेल. २९ डिसेंबरच्या सकाळी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमची कामठी तर कन्हान नदीच्या काठची. रात्री नदीकडून वारा सुटला की दोन-दोन गोधड्याही पुरत नाहीत. त्याच रात्री एकच्या सुमारास आमच्या जिन्याखालून कुत्रीच्या कण्हण्याचा आवाज येऊ लागला. गल्लीतली काळी गाभण होती हे सर्वांना ठाऊक होते. थंडीचे दिवस म्हणून मुलांनी दोन दिवसांपूर्वीच जिन्याखाली पोती अंथरून दिली होती.

आम्ही कंदिलासारखा मोबाईलचा उजेड धरून बाहेर आलो. तीन पिले झाली होती. काळी त्यांना चाटत होती. चौथे तिच्या शेपटीकडे पडलेले होते. त्याच्या अंगावरची पातळ पिशवी अजून फाटलेली नव्हती. एरवी कुत्री ती पिशवी दातांनी फाडते, नाळ तोडते आणि चाटून चाटून पिलाला श्वास घ्यायला लावते. पण काळी थकून गेली होती. चौथ्याकडे तिचे लक्षच नव्हते.

"ते पाह्य ना, काई हालून नाई रायलं," आई म्हणाली. "मेलं वाटते."

एवढ्यात समोरच्या घरातल्या वहिनी शाल गुंडाळून आल्या. त्या आशा सेविका. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना आशाताईच म्हणतात. त्यांनी आईला काळीजवळ भाकरीचा तुकडा घेऊन बसवले, म्हणजे ती चावायला येणार नाही. मग हात धुऊन पिलाच्या तोंडावरची पिशवी फाडली, नाळेला दोरा बांधला, नव्या ब्लेडने ती कापली आणि पिलू आमच्या हातातल्या कोरड्या टॉवेलमध्ये ठेवले. त्याची जीभ निळसर झाली होती. मान लटकलेली. मुठीत मावेल एवढा जीव.

"उलटं धरून झटक बाई," आई म्हणाली. "आमच्या टाइमाले दायी तसंच करे."

"नाई काकू, झटकाचं नाई," आशाताई म्हणाल्या. "ज्या मेंदूले वाचवाचं हाये, त्यालेच दणका बसते."

पूर्वी जनावरांचे जाणकार लोकसुद्धा पिलाला दोन्ही हातांत धरून खाली झोकवत. त्याने नाकातले पाणी निघते अशी समजूत होती. आता पशुवैद्यक तसे करू नका म्हणून सांगतात, कारण त्या झटक्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आशाताईंनी पिलाचे डोके थोडे खाली धरून तोंड आणि नाक स्वच्छ फडक्याने पुसले. मग टॉवेलने पाठ, बरगड्या, पोट चोळायला सुरुवात केली. हळूही नाही, जोरातही नाही. टॉवेल ओला झाला की दुसरा कोरडा मागत. दोन बोटे छातीला लावून त्या म्हणाल्या, "ठोके हायेत. श्वासच नाई."

त्यांनी ओढणीचा पातळ पदर पिलाच्या नाकातोंडावर ठेवला आणि त्यावरून फुंकर घातली. फुंकर म्हणजे छातीभरून नव्हे, गालात मावते तेवढीच हवा. पिलाचे फुप्फुस केवढे असणार! जोरात फुंकले तर ते फाटायचे. एक फुंकर, छाती उचलली. दुसरी, तिसरी. पुन्हा चोळणे. किती मिनिटे गेली ते कोणी मोजले नाही. शेवटी पिलाने उचकीसारखा एक आचका दिला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. आणि मग दाराच्या बिजागरीसारखा बारीक आवाज काढून ते रडले. आमची पाचवीतली मुलगी टाळ्या वाजवू लागली, तशा आशाताई म्हणाल्या, "श्वास आला म्हणजे काम संपलं नाई. आता सुरू झालं. याले थंड होऊ देऊ नका."

हेच वाक्य आम्हाला सर्वांत उशिरा समजले.

जिन्याखाली बर्फासारखी फरशी होती. काळीच्या पोटाशी तीन पिलांची गर्दी. हे चौथे तिथवर सरकूही शकत नव्हते. आम्ही काय करावे याचा विचार करत असताना आईने ते उचलले, पदराखाली छातीशी धरले आणि सरळ घरात आली. उंबरठ्याचा कायदा तिथेच संपला. तिने माळ्यावरून आपले जुने सूप काढायला सांगितले. बिड्या वळायचे ते सूप. कामठीतल्या कितीतरी घरांप्रमाणे आमचेही घर त्या सुपावर चालले. तीस वर्षे मांडीवर घेतलेल्या त्या सुपात आईने जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली. पण पिलाला काही तिने सुपात ठेवले नाही. रात्रभर ते तिच्या छातीशीच होते. सुपात बाकीच्यांना आणून ठेवायचा आम्ही प्रयत्न केला, तर काळी गुरगुरली. म्हणून तिला तिच्या पिलांसह पोत्यांसकट ओसरीच्या आत घेतले.

तीनच्या सुमारास मुले झोपली. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने जे सांगितले ते आम्ही त्याआधी कधी ऐकले नव्हते.

आम्हाला ठाऊक असलेली तिची लेकरे चार. पण आमच्या मोठ्या भावाच्याही आधी एक झाले होते. १९७१ सालचा जानेवारी. बिड्या वळता वळताच कळा सुरू झाल्या आणि बाळंतपण घरीच झाले. मुलगा होता. रडला नाही. दायीने पाय धरून उलटा केला, पाठीवर चापट्या मारल्या, थंड पाणी शिंपडले. दोनदा काहीतरी आवाज काढला म्हणे त्याने. तेवढ्यात आईलाच रक्त जाऊ लागले. सगळ्या बाया तिच्याकडे धावल्या. बाळ उघडेच जमिनीवर राहिले.

"तासाभरानं पाह्यलं, त गार," आई म्हणाली. "सगळे म्हने नशिबात नवतं. पन माह्या मनातून जात नाई. ते आधी मेलं का आधी गार झालं?"

आम्ही काय बोलणार? दायी वाईट बाई नव्हती. तिला जे माहीत होते ते तिने केले, आणि त्या रात्री तिने आईला वाचवले. जे माहीत नव्हते त्याला सगळ्यांनी मिळून नशीब म्हटले. सत्तेचाळीस वर्षे आई तो प्रश्न एकटीच घेऊन बसली होती.

पहाटे आमच्या हातून चूक झाली. ती लपवण्यात अर्थ नाही, कारण ती बहुतेक घरांत होते. आईचा डोळा लागला होता. नववीतल्या मुलाला वाटले, पिलू भुकेले असेल. त्याने गाईचे दूध कोमट केले, औषधाच्या ड्रॉपरमध्ये भरले आणि तान्ह्या बाळासारखे पिलाला उताणे धरून पाजले. दोन थेंब गेले, तिसरा नाकातून बाहेर आला. पिलू पुन्हा निळे पडले. मुलगा ओरडला. आम्ही त्याच्यावर धावून गेलो, तर आई म्हणाली, "त्याले कायले मारता? त्याले कोनी सांगतलं होतं का?" आणि रात्री पाहिले होते तसेच तिने केले. डोके खाली, नाक पुसले, पाठ चोळली. श्वास परत आला, पण आता त्यात घरघर होती.

सकाळी आम्ही ऑटो करून नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेलो. हे महाविद्यालय १९५८ सालापासून आहे. सत्तरीला आलेली आमची आई जनावरांच्या दवाखान्याची पायरी प्रथमच चढली. पिलू शालीच्या आत, शेजारी गरम पाण्याची बाटली. तरुण डॉक्टरांनी छाती तपासली, ताप मोजला. ३३ अंश सेल्सियस भरला. दूध फुप्फुसात गेले असावे म्हणून त्यांनी औषध सुरू केले आणि आम्हाला बसवून नीट समजावले.

मोठ्या कुत्र्याचे अंग ३८ ते ३९ अंश गरम असते. पहिल्या आठवड्यात पिलाचे मात्र ३५ ते ३७ अंशच असते, आणि तेवढी ऊबही त्याला स्वतःला राखता येत नाही. जन्मल्यावर पहिले काही दिवस त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. म्हणून ते थंड पडते आणि आपल्याला कळतही नाही. अंग ३४ अंशांच्या खाली गेले की पोटाचे चलनवलन थांबते. मग पाजलेले दूध पचत नाही, वर येते आणि श्वासनलिकेत उतरते. "थंड पिलाला दूध पाजणं म्हणजे विझलेल्या चुलीवर भात ठेवणं," डॉक्टर म्हणाले. "आधी ऊब, मग दूध. आणि ऊबसुद्धा एकदम नाही, तास-दोन तास घेऊन." एकदम शेकले तर कातडी भाजते आणि आतून जीव थकतो. बाटली कपड्यात गुंडाळूनच ठेवायची, आणि एकाच बाजूला, म्हणजे गरम झाले तर पिलाला दूर सरकता येते.

दुधाचेही त्यांनी सांगितले. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतात. म्हणून नुसत्या गाईच्या दुधावर पिलू वाळत जाते, हगवणही लागते. आई नसेल तर पिलांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणावी. इथे तर आई होती. पहिल्या दिवसाचा चीक रोगापासून राखण करतो, तेव्हा आज संध्याकाळच्या आत याला आईच्या सडाला लावा, असे त्यांनी बजावले. आणि पाजायचे ते नेहमी पोटावर पालथे ठेवून. कुत्र्याचे पिलू म्हणजे माणसाचे मूल नव्हे. उताणे धरले की दूध छातीत जाते. तोंडाने फुंकर घातल्याचे ऐकून ते म्हणाले, "बरं केलं, पण मध्ये कापड हवंच, नंतर साबणानं तोंड-हात धुवायचे. आणि कुत्रीला रेबीजची लस टोचून घ्या."

परत येताना आई ऑटोत गप्प होती. कामठी जवळ आल्यावर एवढेच म्हणाली, "म्हनजे गार पडनंच वाईट."

पुढचे पंधरा दिवस आमच्या घराचे घड्याळ पिलाच्या पोटावर चालले. दर दोन तासांनी त्याला काळीच्या सडाला लावायचे. दांडगी भावंडे त्याला ढकलून देत, म्हणून कोणीतरी धरून बसायचे. रात्री बाराची पाळी आमची, दोनची आईची, चारची पुन्हा आमची. सकाळची मुलाची. त्याने ती एकदाही चुकवली नाही. पाजून झाले की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसायचे, तेव्हा ते लघवी करी. तीन आठवड्यांपर्यंत पिलांना हे आपले आपण करता येत नाही. काळी तिच्या अशक्त पिलाला चाटत नव्हती, म्हणून ते काम आमच्याकडे.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात इलेक्ट्रिक काटा आहे. मुलगी रोज सकाळी पिलू तिथे घेऊन जाई. दुकानदार काका डब्याखाली स्वच्छ कागद घालून तोलून देत. पहिल्या दिवशी २४० ग्रॅम. "पाव किलोलाही दहा ग्रॅम कमी," काका म्हणाले, आणि त्याचे नाव पाव्या पडले. दुसऱ्या दिवशी २२५. आमचा धीर खचला. तिसऱ्या दिवशीही २२५. चौथ्या दिवशी २४०. डॉक्टरांनी सांगितले होते की, दिसण्यावर जाऊ नका, काट्यावर जा. पिलू रोज थोडे तरी वाढले पाहिजे. आमच्या मुलीने वहीत आकडे लिहिले आहेत. चौदाव्या दिवसासमोर ३९५ असा आकडा आहे आणि शेजारी 'डोळे उघडले' असे लिहिले आहे.

त्याच वहीत तिसऱ्या दिवसापुढे आणखी एक ओळ आहे. चांगले दांडगे दिसणारे एक पिलू रात्री पोत्याबाहेर सरकले आणि सकाळी गार सापडले. आम्ही सारे पाव्याकडे पाहत राहिलो आणि ते आमच्या नजरेतून सुटले. त्याला श्वासाचा काहीच त्रास नव्हता. त्याला फक्त थंडी लागली.

लोक बोललेच. "माणसाची लेकरं थंडीत कुडकुडून राहिली, अन् तुम्ही कुत्र्याच्या पिलाले ऑटोनं दवाखान्यात नेता," असे आमच्याच नात्यातले एक गृहस्थ म्हणाले. बोलणे अगदीच खोटे नव्हते. त्यांना उत्तर आशाताईंनी दिले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पिलासाठी म्या काई वेगळं केलं नाई. लेकरासाठी जे शिकली, तेच केलं. कोरडं करा, चोळा, ऊब द्या, आईजवळ ठेवा."

हे शिक्षण कुठून आले तेही वाचकांनी लक्षात घ्यावे. ते आपल्या विदर्भातूनच देशभर गेले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतल्या साध्या, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळ रडले नाही तर काय करायचे, ते थंड पडू नये म्हणून काय करायचे, वजन कसे करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. तिसऱ्या वर्षी, जिथे ही सोय नव्हती त्या गावांच्या तुलनेत, तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून देशभरच्या आशा सेविका घरोघर जाऊन नवजात बाळांना तपासू लागल्या. वजनकाटा, थर्मामीटर, ब्लँकेट आणि शिकलेले हात, एवढेच त्यातले साहित्य.

आई हे ऐकत होती. तिने आशाताईंना विचारले, "मंग ७१ साली हे असतं त?" आशाताईंनी खोटा दिलासा दिला नाही. "सांगता येत नाई काकू. पन त्याले पुसून तुमच्या छातीशी देलं असतं," त्या म्हणाल्या. आईने मान हलवली. तिला हवे होते ते उत्तर बहुधा हेच असावे. त्यानंतर तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

त्या उन्हाळ्यात मुलीला शाळेतून घराचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितले होते. आजीच्या नावाखाली तिने चार चौकोन काढले. आईने चश्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाली, "एक पयले काढ. नाव नाई, त नुसता चौकोन काढ." तो पाच चौकोनांचा कागद आजही आमच्या कपाटात आहे.

पिले दोन महिन्यांची झाल्यावर दोघांना वस्तीतच घरे मिळाली. काळीची शस्त्रक्रिया करून घेतली. तिला लस टोचली आणि पुन्हा आमच्याच गल्लीत सोडले. दरवर्षी थंडीत पिले मरताना पाहण्यापेक्षा ती जन्मालाच न घालणे दयेचे आहे. त्यासाठीचे नियम आपल्या देशात २००१ पासून आहेत, २०२३ मध्ये ते नव्याने आले. पाव्या मात्र आमच्याकडेच राहिला. आता त्याला सात वर्षे होऊन गेली. धावला की छातीत अजून बारीक घरघर होते. निजतो तो उंबरठ्याच्या आत, आईच्या खाटेखाली.

वाचकहो, थंडीचे दिवस आले की आपल्याही जिन्याखाली, ओट्याखाली एखादी काळी विते. तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. मेलेले दिसणारे पिलू लगेच फेकू नये, आधी पुसावे, चोळावे. झटकू नये. श्वास आल्यावर ऊब द्यावी आणि ऊब आल्यावरच दूध, तेही पालथे ठेवून. होता होईल तो त्याला आईजवळच ठेवावे आणि जमेल तितक्या लवकर पशुवैद्याला दाखवावे. आणि आपल्या वस्तीत आशाताई कोणत्या घरी राहतात, हे प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे. त्यांना जे येते ते आपल्यालाही यायला हवे. ते शिकवायला त्या कधी नाही म्हणत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.